पोलॅरिस्कोपवर त्याच काचेचं रीडिंग दर वेळी वेगळं येतंय?

तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. तुकडा तोच, पेनने खूण केलेली जागा तीच, पोलॅरिस्कोपही (ध्रुवित प्रकाशात काचेतला ताण दाखवणारं यंत्र) तोच. सकाळी ६० नॅनोमीटर आलं, दुपारी ८५, आणि शिफ्ट बदलल्यावर दुसऱ्याने बघितलं तर ४५. मग यंत्रात बिघाड आहे असं ठरतं. यंत्र कॅलिब्रेशनला जातं, शिक्का मारून परत येतं आणि थोड्याच दिवसांत रीडिंग पुन्हा हलायला लागतं.

यंत्र सहसा ठीक असतं. पोलरायझरपासून (प्रकाशाला एकाच दिशेत कंपायला लावणारी फिल्म) ॲनलायझरपर्यंतच्या (नमुन्याच्या पलीकडचा, फिरवता येणारा दुसरा पोलरायझर) वाटेत प्रकाशाला जे जे भेटलं, त्या सगळ्याची बेरीज ते दाखवतं. तुमच्या काचेतला ताण हा त्या बेरजेतला फक्त एक आकडा. बाकीचे आकडे हुडकून काढले की रीडिंग जागेवर बसतं. पुढे दिलंय ते त्याच क्रमाने तपासा. रिकाम्या यंत्राची तपासणी टाळून थेट तापमानाच्या किंवा कोनाच्या मागे लागलात तर मिळालेलं उत्तर खरं की खोटं हे कळायला मार्गच उरत नाही.

हिशेब किती नाजूक आहे

पारदर्शक वस्तूत ताण आला की ताणाच्या दिशेने कंपणारा प्रकाश आणि तिच्या काटकोनात कंपणारा प्रकाश यांचा वेग किंचित वेगळा होतो. त्यामुळे एक प्रकाश दुसऱ्याच्या जितका मागे पडतो ते रिटार्डेशन. स्कॉटिश शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टरने काचेतला हा परिणाम १८१६ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच्याच नावाचं ब्रूस्टर हे एकक वापरलं की आकडेमोड तोंडी करता येते. ब्रूस्टरमधला स्थिरांक, मिलिमीटरमधली जाडी आणि मेगापास्कलमधला दोन मुख्य ताणांतला (त्या जागी एकमेकांच्या काटकोनात असलेला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान ताण) फरक, या तिघांचा गुणाकार केला की रिटार्डेशन थेट नॅनोमीटरमध्ये येतं.

साध्या सोडा-लाइम काचेचा स्थिरांक २.७ ब्रूस्टरच्या आसपास असतो. म्हणजे ६ मिमी काचेत १ मेगापास्कलला जेमतेम १६ नॅनोमीटर. वरच्या तक्रारीतला ६० आणि ८५ मधला फरक हा दीड मेगापास्कलचा झाला. काचेच्या हिशेबात हे किरकोळ आहे, पण एवढा ताण काचेत तात्पुरता आणायला फार काही करावं लागत नाही, हे तापमानाच्या भागात दिसेलच.

उलट पॉलिकार्बोनेटचा स्थिरांक ७५-८० ब्रूस्टर. ३ मिमी शीटमध्ये १ मेगापास्कलला सव्वादोनशे नॅनोमीटरच्या वर जातं. तिथे क्लॅम्पचा स्क्रू अर्धा फेरा जास्त पिळला तरी रंग बदलतो. त्यामुळे काचेवर शिकलेला अंदाज प्लॅस्टिकवर आणि प्लॅस्टिकवरचा काचेवर लावू नका.

पहिली पायरी: नमुना काढा आणि रिकामं यंत्र बघा

पोलरायझर आणि ॲनलायझर काटकोनात आणा, खोलीतले दिवे घालवा, नमुना बाजूला ठेवा. सगळं क्षेत्र एकसारखं काळं दिसायला हवं. एखादा कोपरा निळसर, मधोमध तपकिरी डाग किंवा एका बाजूला करडी झाक दिसली, तर ती झाक प्रत्येक रीडिंगमध्ये मिसळतेय.

मधला तपकिरी किंवा जांभळट डाग बहुधा पोलरायझरच्या फिल्मचा. हॅलोजन दिव्याच्या अगदी जवळ राहिलेली फिल्म उष्णतेने उतरते, आणि मधोमध आधी उतरते. ती बदलण्यावाचून उपाय नाही.

करडी झाक आली की दोन पोलरायझरच्या मध्ये काय काय आहे ते एकेक करून बाहेर काढा. दुधी डिफ्यूझर पोलरायझरच्या खाली, म्हणजे दिव्याच्या बाजूला हवा. सफाई करताना कोणी तो वर लावला की तो ध्रुवण विस्कटतो आणि काळं कधीच काळं होत नाही. ओरखडे पडू नयेत म्हणून टाकलेली ॲक्रिलिकची प्लेट, नमुना ठेवायचा प्लॅस्टिकचा ट्रे, पोलरायझरवरची न सोललेली संरक्षक फिल्म हे नेहमीचे गुन्हेगार. चार कोपऱ्यांत स्क्रूने आवळलेली काचेची खिडकीही त्यातलीच: स्क्रूजवळ तिच्यात स्वतःचाच ताण असतो. स्क्रू सैल करून बघा, कोपऱ्यातला उजेड त्याच क्षणी कमी होतो.

ज्यांनी घरच्या घरी एलसीडी स्क्रीनचा प्रकाश वापरून सेटअप केलाय त्यांच्यासाठी: स्क्रीनमधून येणारा प्रकाश आधीच ध्रुवित असतो, त्यामुळे पांढरा स्क्रीन हा स्वस्त आणि चांगला पोलरायझर आहे. पण त्यावरचा स्क्रीन गार्ड बऱ्याचदा ताणून बनवलेल्या फिल्मचा असतो आणि तो पोलरायझरच्या पुढे बसतो, म्हणजे थेट मापनाच्या वाटेत. तो काढल्याशिवाय आकड्यांवर विश्वास ठेवू नका. ॲनलायझर म्हणून कॅमेऱ्याचा सर्क्युलर पोलरायझर वापरत असाल तर त्याची बाजू तपासा. त्यात आधी साधा पोलरायझर आणि मागे क्वार्टर-वेव्ह प्लेट (पाव तरंगलांबीएवढं रिटार्डेशन देणारी) असते. लेन्सवर नीट बसवला तर तो साध्या पोलरायझरसारखाच चालतो. हातात उलटा धरून त्यातून बघितलं तर क्वार्टर-वेव्ह प्लेट पुढे येते आणि फिल्टर कितीही फिरवला तरी क्षेत्र काळं होत नाही.

रिकामं क्षेत्र काळं झालं की ॲनलायझरची शून्य खूण तपासा. इथे एक सवय लावून घ्या. सगळ्यात काळी जागा डोळ्यांनी थेट शोधू नका, कारण त्या भागात काही अंश इकडे-तिकडे झाले तरी डोळ्याला फरक कळत नाही. ॲनलायझर डावीकडे फिरवून ठरावीक उजेड येईपर्यंत जा, कोन लिहा. मग उजवीकडे तेवढाच उजेड येईपर्यंत जा, तोही लिहा. दोन्हींचा मध्य म्हणजे शून्य. दोन माणसांच्या रीडिंगमधला फरक पुष्कळदा एवढ्यानेच निम्मा होतो.

दुसरी: नमुना ९० अंशांत फिरवून पुन्हा मोजा

ही युक्ती जवळजवळ फुकट आहे आणि तरी फार कमी लोक करतात. सेनारमाँ पद्धतीने (क्वार्टर-वेव्ह प्लेट लावून, जागा काळी होईपर्यंत ॲनलायझर किती फिरवावा लागला त्यावरून रिटार्डेशन काढायची रीत) मोजताना ॲनलायझर उजवीकडे ३१ अंश फिरवल्यावर खूण केलेली जागा काळी झाली असं समजा. आता नमुना त्याच्याच पातळीत ९० अंश फिरवा. आता तेवढंच रीडिंग उलट्या दिशेला यायला हवं. पण समजा डावीकडे २५ अंशच आलं. मग खरा कोन दोन्हींची सरासरी, २८ अंश. उरलेले ३ अंश यंत्राचे: शून्य खूण सरकलेली, नाहीतर वाटेत कुठेतरी थोडंसं रिटार्डेशन. नमुना फिरला तरी यंत्र फिरत नाही, म्हणून यंत्राची चूक दोन्ही वेळा एकाच दिशेला राहते आणि सरासरीत उडून जाते.

दोन्ही दिशांचं रीडिंग रजिस्टरमध्ये वेगवेगळं लिहा, सरासरी तिसऱ्या रकान्यात. त्यांच्यातला फरक रोज तेवढाच असेल तर यंत्र स्थिर आहे. फरकच रोज बदलत असेल तर पहिल्या पायरीत काहीतरी राहिलंय.

तिसरी: हात, दिवा आणि घाई

रीडिंग सकाळी एक आणि दुपारी दुसरं येत असेल तर माझा पहिला संशय तापमानावर असतो, आणि तो बहुतेक वेळा खरा ठरतो.

खात्री करायची असेल तर हे करून बघा. चांगली ॲनील केलेली (हळूहळू थंड करून ताण घालवलेली), ५-६ मिमी जाडीची काच पोलॅरिस्कोपमध्ये ठेवा, टिंट प्लेट (थोडासा ताणही रंगबदलाने दाखवणारी प्लेट) असेल तर आत घाला. सगळं क्षेत्र एकसारखं किरमिजी दिसेल. आता काचेच्या मधोमध अंगठा अर्धा मिनिट दाबून धरा आणि काढा. अंगठा जिथे होता तिथे फारसं काही दिसत नाही, पण त्याच्या भोवती चार पाकळ्या उमटतात: समोरासमोरच्या दोन निळसर, दुसऱ्या दोन पिवळसर. मधला गरम भाग पसरायला बघतो आणि भोवतालची थंड काच त्याला आवळून धरते. आवळलेल्या भागात सगळ्या दिशांना सारखाच दाब असतो, दोन मुख्य ताणांत फरक पडत नाही, म्हणून तिथे रंग बदलत नाही. डागाच्या कडेला मात्र एका दिशेला दाब आणि काटकोनात खेच अशी स्थिती असते, आणि पोलॅरिस्कोपला दिसतो तो हाच फरक.

आकड्यात सांगायचं तर सोडा-लाइम काचेसाठी अशा गरम डागाच्या कडेला दर अंश सेल्सिअसमागे ढोबळमानाने ०.६ मेगापास्कलचा फरक तयार होतो. डाग भोवतालपेक्षा ३ अंशांनी गरम असेल तर जवळपास २ मेगापास्कल, म्हणजे ६ मिमी काचेत तिसेक नॅनोमीटर. तक्रारीतले ६० आणि ८५ आठवून बघा.

हा ताण आपोआप जातो, पण जायला वेळ घेतो. काच उष्णता फार हळू वाहून नेते. जाडीच्या दिशेने तापमान काही सेकंदांत सारखं होतं, पण अंगठ्याएवढा डाग पसरून नाहीसा व्हायला मिनिटं लागतात, आणि ओव्हनमधून काढलेली मोठी प्लेट कडेला आधी थंड होत राहते, ती पूर्ण स्थिर व्हायला याहून खूप जास्त वेळ. धुऊन ओली आणलेल्या काचेचंही तेच. पाणी उडताना पृष्ठभाग थंड करतं.

म्हणून नमुने आदल्या दिवशीच पोलॅरिस्कोपच्या खोलीत आणून ठेवा, हातमोजे घाला, कडेला धरा आणि मोजायची जागा हाताळू नका. दिवा एलईडी असेल तर उत्तम. जुना हॅलोजन असेल तर नमुना दिव्यावर ठेवून फोन घ्यायला जाऊ नका. आणि सगळ्यात सोपी कसोटी: मोजा, पाच मिनिटं थांबा, काहीही न हलवता पुन्हा मोजा. आकडा एकाच दिशेने सरकत असेल तर काच अजून स्थिर झालेली नाही. इकडे-तिकडे हलत असेल तर तापमान नाही, तुमची कोन वाचायची पद्धत बघा.

चौथी: ४५ अंश खरोखर ४५ आहेत का

सेनारमाँ पद्धतीत मुख्य ताणाची दिशा पोलरायझरशी ४५ अंशांत असावी लागते. काचेच्या सरळ कडेजवळ हे सोपं आहे, तिथे ताण कडेला समांतर असतो. प्लेटच्या आत, भोकाजवळ किंवा गोलसर तुकड्यात दिशा डोळ्यांनी ओळखता येत नाही, आणि बरेच जण तुकड्याचा आकार बघून अंदाजे ठेवतात.

दिशा शोधायची रीत ठरलेली आहे. क्वार्टर-वेव्ह प्लेट आणि टिंट प्लेट बाहेर काढा, फक्त काटकोनातले दोन पोलरायझर ठेवा, आणि नमुना हळूहळू फिरवा. मोजायची जागा पूर्ण काळी झाली की मुख्य ताण पोलरायझरला समांतर किंवा लंब आहे. तिथून नमुना बरोबर ४५ अंश फिरवा आणि मगच क्वार्टर-वेव्ह प्लेट आत घ्या.

कोन चुकला की रीडिंग नेहमी कमीच येतं असं छोट्या रिटार्डेशनला म्हणता येतं. १० अंशांची चूक साधारण ६ टक्के खाते, २० अंशांची चूक जवळपास पाव हिस्सा. शिवाय चूक झाल्याचं लक्षणही दिसतं: ॲनलायझर फिरवून जागा सगळ्यात काळी केली तरी ती करडीच राहते. असं करडेपण दिसलं की आकडा लिहू नका, आधी दिशा पुन्हा शोधा. क्वार्टर-वेव्ह प्लेटची मंद दिशा पोलरायझरला समांतर नसेल तरीही असंच होतं. प्लेटवर बाण कोरलेला असतो, तो एकदा बघून घ्या. साफ करताना प्लेट चौकटीत तिरकी बसल्याची प्रकरणं नेहमीची आहेत.

पाचवी: एकाच काचेची तीन उत्तरं

इथे चूक टक्क्यांत होत नाही, पटींत होते. म्हणून जरा थांबून वाचा.

५६५ नॅनोमीटरचा प्रकाश वापरला तर ॲनलायझरचा प्रत्येक अंश म्हणजे ५६५ भागिले १८०, अर्थात ३.१४ नॅनोमीटर. वरचेच २८ अंश घेऊ. ८८ नॅनोमीटर झाले. ६ मिमी सोडा-लाइम काचेसाठी १६.२ ने भागलं की ५.४ मेगापास्कल. कडेजवळची जागा असेल तर हा थेट कडेचा ताण, कारण मोकळ्या कडेला काटकोनातला ताण शून्य असतो.

पण ॲनलायझर दुसऱ्या बाजूने फिरवूनही तीच जागा काळी होते, १५२ अंशांवर. ज्याला दिशा माहीत नाही तो १५२ लिहितो. ४७७ नॅनोमीटर, साडेएकोणतीस मेगापास्कल. आणि तिसरी शक्यता: सेनारमाँ पद्धत फक्त पट्ट्याचा (एका तरंगलांबीएवढं रिटार्डेशन म्हणजे एक पट्टा) अपूर्णांक दाखवते, पूर्ण पट्टे किती गेले ते तिला दिसत नाही. खरं रिटार्डेशन ५६५ अधिक ८८ असेल, तर उत्तर ४० मेगापास्कल. म्हणजे ॲनलायझरच्या तबकडीवर तेच २८ अंश, आणि काच मात्र एकदा नीट ॲनील झालेली, एकदा चांगलीच दाबाखाली असलेली. दोन शिफ्टच्या रीडिंगमध्ये पाच-सात पट तफावत असेल तर बाकी सगळं सोडून आधी इथे बघा.

सुटका पांढऱ्या प्रकाशात आहे. रंगीत फिल्टर काढा आणि ज्या जागी ताण नक्की शून्य आहे तिथपासून, म्हणजे तुकड्यातल्या काळ्या पट्ट्यापासून, मोजायच्या जागेपर्यंत नजर न उचलता रंग मोजत या. पांढऱ्या प्रकाशात काळा पट्टा फक्त शून्याचाच असतो. त्यानंतर करडा, पांढरा, पिवळा, नारिंगी, लाल, आणि मग लालाकडून निळ्याकडे उडी मारणारा जांभळा. ती उडी म्हणजे एक पूर्ण पट्टा, ५६५ नॅनोमीटरच्या आसपास. पुढे निळा, हिरवा, पिवळा, गुलाबी, आणि गुलाबी-हिरव्याच्या सीमेवर दुसरा. चौथ्या-पाचव्या पट्ट्यानंतर फिकट गुलाबी आणि फिकट हिरवा एवढंच आलटूनपालटून येतं आणि मोजदाद अवघड होते. तिथे एकाच तरंगलांबीचा प्रकाश घेऊन काळे पट्टे मोजावेत.

ॲनलायझर ज्या दिशेला फिरवल्यावर काळा पट्टा कमी ताणाच्या बाजूने सरकत तुमच्या खुणेवर येतो, ती बरोबर दिशा. जास्त ताणाच्या बाजूचा पट्टा उलट्या दिशेने येतो. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की पुन्हा विसरत नाही, आणि लिहून समजावण्यात माझा वेळ जितका जातो त्याहून ते बघायला कमी लागतो.

छोट्या पण रोजच्या गोष्टी

फिल्टर कोणता आहे ते बघा. ३.१४ हा गुणक ५६५ साठी आहे. पाऱ्याच्या हिरव्या रेषेला, म्हणजे ५४६ नॅनोमीटरला, गुणक ३.०३ होतो आणि सोडियमच्या ५८९ ला ३.२७. जुना सोडियम दिवा काढून हिरवा एलईडी लावला आणि तक्ता तोच ठेवला, तर रीडिंग जवळपास ८ टक्क्यांनी कायमचं सरकतं.

जाडी प्रत्यक्ष मोजा, कॅटलॉगमधली घेऊ नका. कडेला चॅम्फर (तिरकी घासलेली कड) असेल तर चॅम्फरच्या आतल्या रेषेवर मोजा. चॅम्फरमध्ये प्रकाशाची वाट आखूड होते आणि किरण वळतो, तिथले रंग निरुपयोगी.

स्थिरांक काचेनुसार बदलतो. बोरोसिलिकेट आणि फ्यूज्ड सिलिका यांचा सोडा-लाइमपेक्षा जास्त असतो, शिशाच्या काचेचा शिसं वाढेल तसा घटत जातो आणि खूप जास्त शिसं असलेल्या काही काचांत जवळपास शून्यावर येतो. अशा काचेत कितीही ताण असला तरी पोलॅरिस्कोप गप्प राहतो.

बाटली, नळी, ॲम्प्यूल यांत वक्र पृष्ठभागावर किरण तिरके पडतात आणि तिरक्या परावर्तनानेच ध्रुवण बदलतं. जवळपास त्याच अपवर्तनांकाच्या द्रवात बुडवून बघा. ३.३ प्रतीच्या बोरोसिलिकेटचा अपवर्तनांक १.४७, ग्लिसरीनचाही तेवढाच, त्यामुळे नळी त्यात जवळजवळ दिसेनाशी होते आणि फक्त ताणाचे रंग उरतात. मात्र द्रव काचेच्या, सपाट बाजूंच्या, ताण नसलेल्या भांड्यात असू द्या. प्लॅस्टिकच्या डब्यात बुडवलं तर डब्याचे रंग मोजत बसाल. आणि आडवं बघताना दोन भिंती वाटेत येतात, समोरची आणि मागची, हे जाडी धरताना लक्षात ठेवा.

प्लॅस्टिकवाल्यांचं वेगळं दुखणं

पॉलिकार्बोनेट किंवा इपॉक्सीच्या तुकड्यात रीडिंग आठवड्यागणिक वाढत असेल, आणि तेही फक्त कापलेल्या कडांजवळ, तर यंत्राला हात लावू नका. कापलेल्या ताज्या कडेतून हवेतला ओलावा आत शिरतो, कडेचा भाग फुगतो आणि आतला भाग त्याला धरून ठेवतो. कडेला समांतर बारीक पट्टे उमटतात आणि दिवसेंदिवस दाट होतात. उपाय: नमुना कापल्यावर लगेच मोजा, नाहीतर डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा. जुन्या नमुन्याचे कडेजवळचे आकडे वापरू नका.

दुसरं दुखणं जास्त फसवं आहे. मोल्ड केलेल्या प्लॅस्टिकमध्ये दिसणारे रंग सगळे ताणाचे नसतात. साच्यात वाहताना लांब रेणू एका दिशेला ओढले जातात आणि तसेच गोठतात, आणि त्या रांगेमुळेही रिटार्डेशन येतं. गेटजवळचे (साच्यात प्लॅस्टिक जिथून शिरतं तिथले) झगझगीत पट्टे बघून भाग तडकणार असं अनुमान काढणं म्हणूनच धोक्याचं. शंका असेल तर त्या जागेतून करवतीने, न तापवता, एक अरुंद पट्टी कापा. कापल्यावर ताण मोकळा होतो, त्याचे रंग उतरतात. पट्टीतही रंग तसेच राहिले तर ते रेणूंच्या रांगेचे आहेत, आणि वरच्या गुणाकारात टाकून त्यांचे मेगापास्कल काढण्यात अर्थ नाही.

ॲक्रिलिकबद्दल एक इशारा. त्याचा स्थिरांक लहान आहे, काही ब्रूस्टर, आणि सामान्य तापमानाला ऋण चिन्हाचा. म्हणजे टिंट प्लेटवर काचेत जो रंग खेच दाखवतो तोच ॲक्रिलिकमध्ये दाब दाखवतो. काचेच्या विभागातून ॲक्रिलिकच्या विभागात आलेला अनुभवी माणूसही इथे चिन्ह उलटं लिहितो.

टफन्ड काचेत काहीच दिसत नाही

हा प्रश्न इतक्यांदा येतो की वेगळा लिहितो. टफन्ड काच (तापवून हवेने झपाट्याने थंड करून मजबूत केलेली) पोलॅरिस्कोपमध्ये सपाट ठेवली, मधोमध बघितलं, आणि रीडिंग जवळपास शून्य. पुरवठादाराने साधी काच दिली असं वाटतं.

काच टफन्ड असू शकते. तिच्या दोन्ही पृष्ठभागांत दाब असतो आणि आत खेच, आणि जाडीभर बेरीज केली की दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. पृष्ठभागाचा दाब आतल्या खेचेच्या साधारण दुप्पट असतो, पण पातळ थरात. खेच कमी, पण जाड थरात. सरळ आरपार जाणारा किरण दोन्हींतून जातो आणि हिशेब शून्यावर येतो. कडेजवळ हा तोल राहत नाही, म्हणून तिथे पट्टे दिसतात. मधे जे विखुरलेले ठिपके किंवा पट्टे दिसतात ते थंड हवेच्या नोझलखाली काच असमान थंड झाल्याचे. ते दोष नाहीत आणि त्यांच्यावरून टफनिंगचा आकडाही काढता येत नाही.

पृष्ठभागाचा दाब हवा असेल तर किरण पृष्ठभागालगत नेणारं यंत्र लागतं, किंवा लेझर तिरका आत सोडून विखुरलेल्या प्रकाशावरून जाडीभरचा ताण काढणारं. अमेरिकी एएसटीएम सी १०४८ मानकात पूर्ण टफन्ड काचेला पृष्ठभागावर किमान ६९ मेगापास्कल दाब आणि हीट-स्ट्रेंग्दन्ड काचेला २४ ते ५२ मेगापास्कल मागितला आहे, तो या प्रकारच्या मापनातला. पृष्ठभागालगतच्या यंत्रावर रीडिंग येतच नसेल तर काच उलटी करा. फ्लोट काच वितळलेल्या कथलावर तरंगवून बनवतात; तिचा कथलाच्या बाजूचा थर प्रकाशाला पृष्ठभागातून वाहून न्यायला मदत करतो, दुसरी बाजू करत नाही. कथलाची बाजू ओळखायला २५४ नॅनोमीटरचा अतिनील दिवा अंधारात तिरका धरा. त्या बाजूला दुधट चमक दिसते. दिवा डोळ्यांवर येऊ देऊ नका, काचेचा चष्मा घाला.

इतकं करूनही आकडा हलत असेल तर

ज्याचा ताण तुम्ही स्वतः ठरवू शकता असा तुकडा मोजा. त्याच काचेची ॲनील केलेली पट्टी घ्या, चार टेकूंवर वाकवा, वजन टाका. मधल्या दोन टेकूंमध्ये वाकणं एकसारखं असतं, आणि तिथला कडेचा ताण म्हणजे वाकवणारं आघूर्ण गुणिले सहा, आणि त्याला जाडी गुणिले उंचीचा वर्ग याने भागायचं. इथे जाडी म्हणजे किरण ज्या दिशेने जातो ती. वजन दुप्पट केल्यावर रीडिंग दुप्पट व्हायला हवं, वजन काढल्यावर शून्यावर यायला हवं, आणि पट्टीच्या मधोमध काळी रेषा जागची हलता कामा नये. रीडिंग वजनाच्या प्रमाणात वाढतं पण आकडा जमत नाही, तर स्थिरांक किंवा फिल्टरचा गुणक चुकीचा धरलाय. प्रमाणातच वाढत नाही, तर पाचव्या पायरीतली पट्ट्यांची मोजदाद बघा. काळी रेषा मधोमध नसेल तर पट्टीत आधीचाच ताण आहे, दुसरी पट्टी घ्या. याच पट्टीवर टिंट प्लेट लावून कोणत्या कडेला कोणता रंग येतो ते लिहून यंत्रावर चिकटवा: एका कडेला खेच आहे आणि दुसरीला दाब, हे तुम्हाला वजन कुठे टांगलंय त्यावरून ठाऊक असतं.